गाडी कुठे लावायची, हे कोण ठरवते?

रस्त्याकडेच्या 'नो पार्किंग' फलकामागे तीन वेगवेगळी कामे असतात. त्या जागी वाहन उभे करायचे नाही असा आदेश कुणीतरी काढावा लागतो, तो लोकांना कळावा म्हणून कुणीतरी खांब रोवून फलक लावावा लागतो आणि आदेश मोडणाऱ्याला कुणीतरी दंड करावा लागतो. जळगाव आणि धुळे या खानदेशातल्या दोन महापालिका शहरांत ही तीन कामे तीन कार्यालयांत वाटली गेली आहेत. आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा, फलक महापालिकेचा आणि दंड पोलिसांच्या शहर वाहतूक शाखेचा. दोन्ही शहरांतल्या वाहतुकीच्या बहुतेक तक्रारी या तिघांमधल्या फटीत अडकलेल्या सापडतात. आदेश निघतो पण फलक लागत नाही, किंवा फलक लागतो आणि त्यामागे आदेशच नसतो.

या व्यवस्थेचे मूळ १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे. कलम ११५ नुसार एखाद्या भागात किंवा रस्त्यावर सर्व किंवा ठराविक प्रकारच्या वाहनांना बंदी घालता येते किंवा निर्बंध लावता येतात. कलम ११६ वाहतूक चिन्हांचे आहे. कलम ११७ नुसार वाहने कुठे आणि किती वेळ उभी राहू शकतात, प्रवासी वाहनांनी कुठे थांबायचे, हे ठरवता येते. तिन्ही कलमांतले अधिकार मुळात राज्य सरकारचे आहेत आणि सरकार ते खालच्या अधिकाऱ्यांकडे सोपवते. पुणे किंवा नाशिक अशा पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत ते पोलिसांकडे जातात. पुण्याच्या वाहतूक उपायुक्तांच्या आदेशांत गृह विभागाच्या २७ सप्टेंबर १९९६ च्या अधिसूचनेचा हवाला असतो तो याचसाठी. जळगाव आणि धुळ्यात पोलीस आयुक्तालय नाही, पोलीस अधीक्षक आहेत. त्यामुळे तिथे वाहतूक नियमनाचे आदेश सहसा जिल्हादंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने निघतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ नेही रस्त्यावरच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार आयुक्तालयाबाहेर जिल्हादंडाधिकाऱ्यांनाच दिला आहे.

म्हणजे पुण्यात ज्याला कोंडी दिसते त्याच खात्याच्या हातात आदेशाची लेखणी आहे. खानदेशात कोंडी दिसते वाहतूक शाखेच्या निरीक्षकाला आणि सही करायची जिल्हाधिकाऱ्यांनी, ज्यांच्या टेबलावर त्याच दिवशी पीकविमा, पाणीटंचाई आणि वाळूच्या फायली असतात. वाहतुकीच्या फायलीचा नंबर त्यांच्यामागून लागतो, आणि त्यात कुणाचा दोष काढण्यासारखे फारसे काही नाही.

महापालिकेच्या हातात काहीच नाही असे मात्र नाही. रस्ता तिचा, पदपथ तिचा, रंगाचे पट्टे आणि खांब तिच्या खर्चाचे. महापालिका अधिनियमानेही विशिष्ट रस्ता ठराविक वाहनांना बंद करण्याचा अधिकार आयुक्तांना दिलेला आहे. मुख्य म्हणजे कलम ११७ मध्ये एक अट आहे. पार्किंगच्या जागा ठरवताना स्थानिक प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा लागतो. कलम ११५ मध्ये ती अट नाही. एखादा रस्ता एकेरी करायचा तर महापालिकेला विचारणे ही रीत आहे, पण त्याच रस्त्यावर पार्किंगची जागा ठरवायची तर तिला विचारणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

प्रस्तावाची सुरुवात बहुतेक वेळा तक्रारीने होते. शाळेसमोर रिक्षांची गर्दी, रुग्णालयाच्या दारात आडवी लावलेली वाहने, चौकात झालेला अपघात, व्यापारी संघटनेचे निवेदन किंवा नगरसेवकाचे पत्र, यांपैकी काहीतरी वाहतूक शाखेकडे येते. शाखेचे अंमलदार जागा पाहतात आणि मामला मोठा असला तर संयुक्त पाहणी ठरते. तिला वाहतूक शाखेचे निरीक्षक, महापालिकेच्या बांधकाम विभागाचे अभियंते, परिवहन कार्यालयाचे मोटार वाहन निरीक्षक आणि रस्ता राज्य महामार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचे अभियंते असतात. रस्त्याची रुंदी, वाहनांची वर्दळ, वळणांची जागा, पर्यायी मार्ग आणि अपघातांची नोंद यांवर अहवाल तयार होतो. तो पोलीस अधीक्षकांमार्फत जिल्हाधिकारी कार्यालयात जातो आणि तिथे मसुदा होऊन सहीला ठेवला जातो.

अपघातांचा प्रश्न असेल तर आणखी एक दार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ नुसार जिल्हा रस्ता सुरक्षा समित्या नेमल्या जातात. रस्ता सुरक्षेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ रोजी दिलेल्या निर्देशांनंतर या समित्यांच्या बैठकांना जरा नियमितपणा आला. जिल्हाधिकारी अध्यक्ष असल्यामुळे आदेश काढणारा अधिकारी आणि काम करणारी खाती निदान तेवढ्यापुरती एका टेबलाभोवती बसतात. 'ब्लॅक स्पॉट' ठरवण्याचा केंद्राचा निकष असा: सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा एकूण दहा मृत्यू. या निकषात बसलेल्या जागेवर गतिरोधक, दिवे, फलक यांसाठी निधी मागणे सोपे जाते. न बसलेल्या जागेला पुढच्या अपघातांची वाट पाहावी लागते, हे या निकषातले कटू वास्तव आहे.

लोकांचे म्हणणे कुठे ऐकले जाते? कलम ११५ मध्ये हरकती मागवण्याची सक्ती नाही. तरी पुण्यासारख्या शहरांत आधी तात्पुरता बदल करून पाहायचा, काही दिवस नागरिकांच्या हरकती व सूचना घ्यायच्या आणि मग अंतिम आदेश काढायचा अशी पद्धत पडली आहे. ब्रिटनमध्ये याच कामासाठी निघणाऱ्या आदेशाआधी नोटीस प्रसिद्ध करून किमान २१ दिवस हरकती घ्याव्याच लागतात. आपल्याकडे ही गोष्ट अधिकाऱ्याच्या समजुतीवर सोडलेली आहे. त्यामुळे एखाद्या पेठेतला रस्ता एकेरी झाल्याचे तिथल्या दुकानदाराला कधी फलक पाहूनच कळते, आणि मग निवेदने, मोर्चा आणि आदेशाला स्थगिती हा क्रम ठरलेला असतो.

आदेश कायम स्वरूपाचा असेल तर तो राजपत्रात प्रसिद्ध व्हावा लागतो. एक महिन्यापेक्षा जास्त काळ लागू नसणाऱ्या निर्बंधांना कायद्याने सूट दिली आहे. त्यांना राजपत्र लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. सणासुदीच्या वाहतूक बदलांचा सगळा कारभार या सवलतीवर चालतो. जळगावात कार्तिकी एकादशीचा श्रीराम रथोत्सव, गणेश विसर्जनाच्या दिवशी मेहरूण तलावाकडे जाणारे रस्ते, धुळ्यात चैत्रातली एकवीरा देवीची यात्रा, या सगळ्यांच्या आधी वर्तमानपत्रांत 'वाहतूक मार्गात बदल' अशी बातमी येते, ती याच तरतुदीखालची स्थानिक प्रसिद्धी असते. अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत कोणता रस्ता बंद, अवजड वाहने कुठून वळवायची, रुग्णवाहिका आणि अग्निशमन वाहनांना सूट, असा त्या आदेशांचा साचा असतो. हे आदेश चांगले पाळले जातात, कारण रस्त्यात बॅरिकेड आणि जागेवर पोलीस असतो. वर्षभराच्या आदेशांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही.

आदेशानंतर फलक. कलम ११५ खाली बंदी घातली की योग्य ठिकाणी चिन्हे लावण्याची व्यवस्था करणे हे आदेश देणाऱ्याचे कर्तव्य आहे. चिन्ह कसे असावे हे मात्र कुठल्याच शहराला ठरवता येत नाही. मोटारी नव्या होत्या तेव्हा, १९०९ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय कराराने चारच धोकासूचक चिन्हे मान्य केली होती: खड्डा-उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वे फाटक. १९६८ मध्ये व्हिएन्नात रस्त्यावरील चिन्हांचा करार झाला आणि भारत त्यात १९८० मध्ये सामील झाला. देशातले बारकावे इंडियन रोड्स काँग्रेस ही १९३४ साली स्थापन झालेली संस्था ठरवते. तिची 'आयआरसी ६७' ही संहिता फलकांची आणि 'आयआरसी ३५' रस्त्यावरच्या रंगांच्या पट्ट्यांची. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत चिन्हांचे तीन वर्ग आहेत. गोल चिन्हे आज्ञा देतात, त्रिकोणी सावध करतात आणि चौकोनी माहिती देतात. 'थांबा'चा अष्टकोन आणि 'रस्ता द्या'चा उलटा त्रिकोण हे दोन अपवाद मुद्दाम ठेवले आहेत, म्हणजे फलक धुळीने माखला असला किंवा पाठीमागून दिसला तरी आकारावरून अर्थ कळावा.

पार्किंगच्या दोन चिन्हांतला फरक मात्र फार थोड्या चालकांना ठाऊक असतो. लाल कडेच्या निळ्या वर्तुळात एकच तिरपी लाल रेघ असेल तर वाहन उभे करून निघून जायचे नाही, पण माणूस उतरवण्यापुरते थांबता येते. दोन रेघांची फुली असेल तर थांबायचेही नाही. पुलावर, भुयारी मार्गात किंवा चौकाच्या तोंडाशी फुली हवी आणि बाजारात एक रेघ पुरे. 'नो पार्किंग' असे अक्षरांत लिहिलेला पांढरा पत्रा लावून टाकला की हा फरकच पुसला जातो.

त्या पत्र्यांची कायद्यातली किंमत हा वेगळाच विषय आहे. जळगावच्या बळीराम पेठेत काय किंवा धुळ्याच्या देवपुरात काय, फाटकांवर 'येथे गाडी लावू नये, हवा सोडण्यात येईल' अशा पाट्या रंगवलेल्या असतात. कलम ११६ नुसार अधिकार असलेल्या प्राधिकरणाखेरीज कुणालाही रस्त्यावर किंवा रस्त्यालगत वाहतूक चिन्ह लावता येत नाही. म्हणून घरमालकाने, दुकानदाराने किंवा सोसायटीने सार्वजनिक रस्त्यासाठी लावलेली पाटी ही विनंती समजायची, आज्ञा नव्हे; आणि दुसऱ्याच्या चाकाची हवा सोडण्याचा अधिकार तर कुणालाच नाही. तरी फाटक अडवणाराही निर्दोष ठरत नाही. २०१७ च्या मोटार वाहन (चालन) विनियमांनी फाटकासमोर, पदपथावर, झेब्रा पट्ट्यांवर, तीव्र वळणावर, बसथांब्यावर, चौकाच्या तोंडाशी आणि आधीच उभ्या असलेल्या वाहनाच्या बाजूला दुसरे वाहन लावायला फलक असो वा नसो, देशभर मनाई केली आहे. रोज दिसणारे चुकीचे पार्किंग बरेचसे याच यादीतले असते आणि त्यासाठी कुठल्याही नव्या आदेशाची गरज नसते.

फलकांचा शत्रू म्हणजे फ्लेक्स. वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी चौकातला खांब आयताच मिळतो आणि एकेरी वाहतुकीचा बाण नेत्याच्या फेट्याआड जातो. वाहतूक चिन्ह झाकणारी किंवा त्याच्यासारखी दिसून फसवणारी जाहिरात काढून टाकण्याचा अधिकार कलम ११६(४) खाली पोलीस अधिकाऱ्याला देता येतो. त्याच कलमात एक कमी ठाऊक असलेले कर्तव्यही आहे. वाहनाच्या धक्क्याने फलकाचे नुकसान झाले तर चालकाने लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, पोलिसांना कळवायचे आहे. वाकलेल्या खांबांची संख्या पाहता हे कलम कुणी वाचलेले दिसत नाही.

रस्ता कुणाचा, यावरही बरेच अवलंबून असते. जळगाव शहराच्या मधून सुरत–नागपूर हा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आताचा ५३, जातो. अजिंठा चौफुली, इच्छादेवी चौक, आकाशवाणी चौक, शिव कॉलनी ही शहराच्या रोजच्या व्यवहाराची ठिकाणे या महामार्गावर आहेत. शाळेत जाणारी सायकल आणि हजारो किलोमीटरवर निघालेला ट्रक यांना एकच डांबर होते. समांतर रस्ते व्हावेत म्हणून जळगावकरांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. पुढे खोटेनगर ते कालिंकामाता चौक या पट्ट्याचे चौपदरीकरण झाले. अशा रस्त्यावर महापालिका स्वतःहून फारसे काही करू शकत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११६ ला पोटकलम १(अ) जोडून राष्ट्रीय महामार्गांवर चिन्हे लावण्याचा आणि ती झाकणाऱ्या जाहिराती काढायला लावण्याचा अधिकार थेट राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला दिला. चौकातला नागरिक तक्रार घेऊन महापालिकेत जातो आणि तिथून त्याला प्राधिकरणाच्या कार्यालयाची वाट दाखवली जाते, त्याचे कारण हे आहे.

रस्त्याची मालकी कागदावर बदलूही शकते. महामार्गालगत दारूविक्रीला मनाई करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१७ मध्ये राज्यात काही शहरांतले राज्य मार्ग महापालिका-नगरपालिकांकडे वर्ग करण्याचे निर्णय झाले. त्यात जळगावचे रस्तेही होते आणि त्यावरून शहरात मोठा वाद झाला. वादाचा विषय दारूची दुकाने हाच होता. पण रस्ता वर्ग झाला की त्यावरचे खड्डे, दुभाजक, पट्टे आणि फलक यांचा खर्चही वर्ग होतो, हा भाग चर्चेत मागे राहिला.

धुळ्याची ठेवण निराळी आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे केले आणि १८१९ पासून नवी पेठ वसवली. सरळ आखलेले रस्ते आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या ही त्या भागाची आजही ओळख आहे. मुंबई–आग्रा, सुरत–नागपूर आणि सोलापूर–धुळे असे तीन महामार्ग इथे भेटतात. मूळ आग्रा रोड मात्र आता शहरातला बाजाररस्ता झाला आहे. पाचकंदील परिसर आणि आग्रा रोडवर दुकानाची पायरी, तिच्यापुढे फेरीवाल्याची गाडी, तिच्यापुढे ग्राहकाची दुचाकी आणि उरलेल्या जागेत वाहतूक असा थर लागतो. सरळ, समांतर गल्ल्या असलेल्या पेठेत एकेरी वाहतूक बसवणे तुलनेने सोपे असते, कारण एका गल्लीने जा आणि शेजारच्या गल्लीने या, असे जोड लावता येतात. जळगावच्या सुभाष चौक, दाणाबाजार या जुन्या भागातल्या आडव्यातिडव्या रस्त्यांना असे जोड सहज मिळत नाहीत. तिथे एक रस्ता एकेरी केला की वाहनांचा भार भलत्याच बोळात जातो.

पार्किंगचा निर्णय शेवटी मीटरचा हिशोब असतो. वाहतुकीच्या एका मार्गिकेला साडेतीन मीटर धरतात. रस्त्याला समांतर लावलेल्या मोटारीला अडीच मीटर रुंदी लागते. नऊ मीटरच्या रस्त्यावर एका बाजूला मोटारी लावू दिल्या तर साडेसहा मीटर उरतात आणि दोन्ही बाजूंची ये-जा कशीबशी होते. दोन्ही बाजूंना लावू दिल्या तर चार मीटर, म्हणजे जेमतेम एक मार्गिका उरते. मोटारी तिरप्या लावल्या तर जास्त मावतात पण रस्ता पाच मीटरच्या आसपास खातात. एका मोटारीच्या साडेबारा चौरस मीटरमध्ये दुचाकीला दोन चौरस मीटर या हिशोबाने सहा दुचाकी मावतात. जळगावच्या फुले मार्केट किंवा गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी येणारा बहुतेक ग्राहक दुचाकीवर असतो. तिथे मोटारींच्या चार जागा कमी करून दुचाकींच्या चोवीस जागा करणे जास्त लोकांच्या सोयीचे ठरते, फक्त मोटारवाल्यांचा आवाज मोठा असतो.

अरुंद बाजाररस्त्यासाठी महाराष्ट्रात रुळलेला तोडगा म्हणजे सम-विषम पार्किंग. 'पी-१' बाजूला विषम तारखांना आणि 'पी-२' बाजूला सम तारखांना वाहने लावायची. याचे मोठे गुण दोन. दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना सारखा त्रास आणि सारखा लाभ होतो. शिवाय वाहन रोज हलवावेच लागत असल्यामुळे बंद पडलेल्या गाड्या महिनोन्‌महिने जागा अडवत नाहीत. ३१ तारखेनंतर १ येते तेव्हा मात्र लागोपाठ दोन दिवस एकाच बाजूची पाळी येते. मालाच्या ट्रकसाठी वेळेची वाटणी करतात: बाजार उघडण्याआधी आणि मिटल्यावर माल चढवणे-उतरवणे, मधल्या वेळात अवजड वाहनांना प्रवेशबंदी. अशी बंदी कलम ११५ खालची, म्हणजे कायम ठेवायची तर राजपत्रात जायला हवी. रिक्षाथांब्यांचा निर्णय जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाच्या कक्षेत येतो, त्यामुळे त्याची फाइल आणखी वेगळ्या वाटेने फिरते.

रस्त्याच्या त्याच कडेवर फेरीवाल्यांचाही हक्क आहे, आणि तो उपकार नसून २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने दिलेला आहे. महापालिका आयुक्त अध्यक्ष असलेली शहर फेरीवाला समिती विक्रीची क्षेत्रे ठरवण्यात भाग घेते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात आणि वाहतूक पोलिसांचा प्रतिनिधीही असतो. कायद्यानुसार लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचे आहे. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या साडेचार लाखांहून अधिक आणि धुळ्याची सुमारे पावणेचार लाख होती. त्यावरून ही मर्यादा जळगावात साडेअकरा हजारांच्या आणि धुळ्यात नऊ हजारांच्या आसपास जाते. पार्किंगचा आराखडा वाहतूक शाखेने आणि फेरीवाला क्षेत्राचा आराखडा या समितीने वेगवेगळा केला, तर एकच दहा मीटर जागा दोघांनाही दिली जाण्याची पाळी येते. अतिक्रमणविरोधी मोहिमेनंतर काही दिवसांत हातगाड्या परत येतात, त्यामागे ही न सोडवलेली वाटणी असते.

पैसे घेऊन पार्किंग द्यायचे तर निर्णय महापालिकेच्या दालनात येतो. दर, वेळ आणि रस्त्यांची यादी महासभेने मंजूर करायची, मग निविदा काढून ठेकेदार नेमायचा. दोन्ही महापालिका २००३ मध्ये स्थापन झाल्या. २०२३ मध्ये दोन्हींची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या, तेव्हा महासभेचे अधिकार प्रशासक या नात्याने आयुक्तांकडे गेले. एरवी दर ठरवताना नगरसेवक फार बिचकतात. पुण्यात मार्च २०१८ मध्ये महासभेने पार्किंग धोरण मंजूर केले, पण विरोध इतका झाला की ते मोजक्या रस्त्यांपुरते आवरते घ्यावे लागले. जगातला पहिला पार्किंग मीटर १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत बसला, तो दुकानदारांच्याच सोयीसाठी. दिवसभर एकच गाडी उभी राहिली तर दहा ग्राहक येऊ शकत नाहीत, हे तिथल्या व्यापाऱ्यांना दिसत होते. अर्थतज्ज्ञ डोनाल्ड शूप यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात दराचा एक सोपा निकष दिला: दर एवढा असावा की सुमारे ८५ टक्के जागा भरलेल्या राहतील आणि येणाऱ्याला एखादी रिकामी सापडेल. आपल्या बाजारपेठांत अनेकदा दुकानदाराची आणि नोकरांची वाहनेच सकाळी येऊन दारासमोरची जागा धरतात आणि ग्राहकाला जागा नाही म्हणून तेच दुकानदार निवेदन देतात.

रस्त्यावर एवढा ताण का येतो, याचे उत्तर रस्त्याबाहेर आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली होणाऱ्या विकास आराखड्यात वाहनतळांसाठी जागा आरक्षित करता येते. आरक्षण म्हणजे संपादन नव्हे. अंतिम आराखड्यानंतर दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या २४ महिन्यांत महापालिकेने पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते. पैशाची चणचण असलेल्या महापालिकांत वाहनतळांची आरक्षणे अशीच विरघळतात. इमारतींचे पार्किंग डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत ठरवून दिलेले आहे. नकाशात तळघर वाहनांचे असते; भोगवटा प्रमाणपत्र हातात पडले की तिथे गाळे निघतात किंवा गोदाम होते, आणि गाड्या वर रस्त्यावर येतात. या तळघरांवरच्या कारवाईला वाहतूक शाखेचा अधिकार पोचत नाही, ते काम नगररचना विभागाचे आहे. जपानने १९६२ च्या कायद्याने ही गाठ दुसऱ्या टोकाला बांधली. मोटार घ्यायची तर ती ठेवण्याची जागा आधी दाखवा. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन मंत्र्यांनीही असा विचार बोलून दाखवला होता.

दंडाचा भाग थोडक्यात सांगता येतो. डिसेंबर २०२१ पासून राज्यात चुकीच्या पार्किंगला पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या वेळी १,५०० रुपये आकारले जातात आणि ई-चलन थेट वाहनाच्या क्रमांकावर जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार पार्किंगला कायदेशीर मनाई असलेल्या जागी लावलेले किंवा दहा तास बेवारस सोडलेले वाहन गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याच्या आदेशाने उचलता येते किंवा त्याच्या चाकाला जामर लावता येतो; खर्च मालकाचा. यातला 'कायदेशीर मनाई' हा भाग महत्त्वाचा. चालन विनियमांतल्या यादीबाहेरची जागा असेल तर मनाई आदेशाने झालेली असावी लागते आणि फलकाने दाखवलेली असावी लागते. उचललेल्या गाडीच्या मालकाला त्या आदेशाची प्रत माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे मागता येते. नवा फलक हवा असेल तर अर्ज वाहतूक शाखेला द्यावा आणि त्याची प्रत महापालिकेच्या शहर अभियंत्यांना. फाइल हलत नसेल तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हा पातळीवर होणाऱ्या लोकशाही दिनात हे सर्व विभाग एकत्र सापडतात.

आदेश रद्द करण्याची वाटही तो काढण्याच्या वाटेसारखीच आहे. उड्डाणपूल झाला, शाळा हलली किंवा बाजार दुसरीकडे गेला म्हणून जुनी बंदी आपोआप संपत नाही. राजपत्रात आलेली अधिसूचना दुसरी अधिसूचना काढूनच मागे घ्यावी लागते, आणि तोवर फलक गंजून पडला तरी आदेश कागदावर लागू राहतो.